तेराशे पन्नासवाला

हेमराजनं नागपूरहून पाठवलेली चकती
मी ओढणीच्या टोकात बांधून आणली होती
वडशाच्या बाजारात, काळीपिवळीत, अर्धी उभी.
वर मार्करनं लिहिलेलं: मंडईची रात्र, चारही अंक.
चार अंक एकाच चकतीत मावतात
हे बाबांना पटत नव्हतं.
"दाबून भरले असन," ते म्हणाले,
"ढोलीत धान भरतेत तसे."

खेमचंदच्या दुकानात खोक्यांची उतरंड.
प्रत्येकावर तेच छापलेलं, सगळं चालतं.
हेमराज फोनवर म्हणाला होता,
खोकं वाचू नको, आपली चकती लावून पाहा.
मी गाठ सोडली.

पहिल्यानं चकती गिळली आणि थुंकली.
दुसऱ्यानं पडद्यावर एक चौकट आणली,
तिच्यातलं वाचून खेमचंदही गप्प बसला.
तिसरा तेराशे पन्नासचा,
कोणत्या कंपनीचा ते कंपनीलाच ठाऊक.
त्याच्यावर चित्र आलं.
लखलखीत.
नायिकेच्या शालूची जर,
खलनायकानं उचललेली एक भुवई.
ओठ हलत होते.
आवाज नव्हता.

"चित्र दाबलेलं याला समजतं, आवाज दाबलेला नाही समजत,"
खेमचंद म्हणाला,
जणू घरच्या जावयाबद्दल बोलतोय.

मग त्यानं बावीसशेवाला उतरवला.
पेटी वाजली, टाळ्या आल्या,
कुणाचं तरी पोर रडत होतं मागच्या ओळीत.
आणि नायिका "धनी" म्हणायच्या
अर्धा श्वास आधी
विंगेतून कुणीतरी म्हणालं,
धनी.

बाबा.
बावीस हंगाम विंगेत बसून
दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं सरकवणारा माणूस.
एकाही फोटोत नाही.
हँडबिलावर असतो, छापखान्याच्या जरा वर,
भिंगातून वाचावा असा.

मी म्हटलं, हाच घेऊ.
तेंदूपत्त्याचे अठराशे होते जवळ,
चारशेला खेमचंद पुढच्या बाजारापर्यंत थांबला असता.
पण बाबांचे कान लाल झाले होते.
"बंद कर गा ते.
पब्लिकले आयकू येत होतो का मी?
इतके वर्सं?"

प्रॉम्प्टर ऐकू येणं म्हणजे
शिंप्याची टाचणी झंपरात राहून जाणं.
त्यांनी तिसऱ्या खोक्यावर हात ठेवला.
"हाच दे. शब्द माह्याजवळ हायेत."

परतताना मी त्यांच्याशी बोलले नाही.
खोकं माझ्या मांडीवर. वैनगंगेचा पूल
नेहमीपेक्षा लांब लागला.

आता रात्री लाईन आली की
टीव्ही ओसरीवर येतो
आणि बाबा त्याच्या बाजूला, स्टुलावर.
नायकाचा घोगरा आवाज, नायिकेचा बारीक,
त्या रात्री खलनायकाला पडसं झालं होतं, ते पडसंसुद्धा.
शेजारी आधी हसायला आले,
मग नुसतेच यायला लागले.
कौतिकाबाई म्हणते, आमच्या आवाजवाल्या मशीनपरीस
हे बरं, मधात पानी तरी पेते.

कधीकधी ते लेखकाचं ऐकत नाहीत.
तिसऱ्या अंकात सासू सुनेला हाकलते,
बोट दाराकडं, डोळे विस्फारलेले,
आणि बाबा म्हणतात,
"जेवून जाय वो."

परवा मात्र अडकले.
पडद्यावर नायक तोंड उघडून उभा,
स्टुलावर बाबा तोंड उघडून.
नायकाचे ओठ पुढं निघून गेले.
ओसरीवर कुणी खोकलंही नाही.
मी दाराआड होते, हातात भाताचं डेचकं.
लहानपणापासून त्यांची वही मीच धरायची
तालमीच्या वेळी, कंदिलाजवळ.
"या घराची..." मी म्हटलं,
ओठांतल्या ओठांत.
त्यांनी वाक्य उचललं आणि चालू लागले,
मागं वळून न पाहता,
नट कधी पाहत नाहीत तसे.

जेवताना म्हणाले,
"थोडं हळू सांगत जा.
कौतिकाबाईले आयकू गेलं असन."